ग्लुकोज तेच, मग भात पचतो आणि कापूस का पचत नाही?

वर्गशिक्षिका_दादर

अकरावी-बारावीच्या वर्गात कर्बोदकांचा धडा शिकवताना एक गोष्ट मला सतत खटकते. विद्यार्थी साध्या शर्करा, द्विशर्करा आणि बहुशर्करा असे तीन रकाने आखतात, त्यांत ग्लुकोज, सुक्रोज, स्टार्च अशी नावे भरतात आणि परीक्षेत ते रकाने जसेच्या तसे उतरवतात. मूळ घटक कोणता हे त्यांना सांगता येते, पण तो घटक शेजारच्या घटकाला कसा जोडला गेला आहे असे विचारले की वर्ग गप्प होतो. माझ्या मते या धड्याचा सारा अर्थ त्या जोडणीत आहे. आपण काय खाऊ शकतो, काय अंगावर घालतो आणि कोणते अन्न किती वेगाने रक्तात उतरते, हे सगळे तिथेच ठरते. म्हणून हा धागा काढते आहे.

साध्या शर्करा, म्हणजे मोनोसॅकराइड, हे कर्बोदकांचे असे घटक आहेत की पाण्याच्या साहाय्याने त्यांचे आणखी लहान शर्करांत विघटन होत नाही. त्यांतल्या सर्वांत लहान शर्करांत कार्बनचे तीनच अणू असतात, आरएनए आणि डीएनए यांतील रायबोज व डीऑक्सिरायबोजमध्ये पाच असतात, तर आहारात ज्यांच्याशी आपला सर्वाधिक संबंध येतो त्या ग्लुकोज, फ्रुक्टोज आणि गॅलॅक्टोजमध्ये सहा. या तिघींचे रेणुसूत्र एकच आहे: कार्बनचे 6, हायड्रोजनचे 12 आणि ऑक्सिजनचे 6 अणू. तरीही त्या वेगळ्या आहेत, कारण अणूंची मांडणी वेगळी आहे. ग्लुकोज आणि गॅलॅक्टोज यांच्यात फरक आहे तो फक्त चौथ्या कार्बनवरील हायड्रॉक्सिल गट (ऑक्सिजन-हायड्रोजनची जोडी) कोणत्या बाजूला आहे एवढाच. फ्रुक्टोजमध्ये मात्र कार्बोनिल गट (कार्बन आणि ऑक्सिजन यांच्यातील दुहेरी बंध) पहिल्याऐवजी दुसऱ्या कार्बनवर असतो, आणि एवढ्या बदलाने ती तिघींत सर्वांत गोड ठरते.

आता मुख्य मुद्दा. पाण्यात विरघळलेला ग्लुकोजचा रेणू सरळ साखळीच्या रूपात क्वचितच सापडतो. शेकडा एकाहूनही कमी रेणू त्या रूपात असतात. बाकीच्या रेणूंत पाचव्या कार्बनवरचा ऑक्सिजन पहिल्या कार्बनला जोडला जातो आणि सहा कोपऱ्यांचे वलय तयार होते. हे वलय मिटताना पहिल्या कार्बनवर एक नवा हायड्रॉक्सिल गट येतो, आणि तो वलयाच्या पातळीच्या एका बाजूला राहू शकतो किंवा दुसऱ्या. एका रूपाला अल्फा म्हणतात, दुसऱ्याला बीटा. द्रावणात ही रूपे एकमेकांत बदलत राहतात, आणि समतोल साधल्यावर सुमारे 36 टक्के अल्फा व 64 टक्के बीटा उरते. परंतु हाच पहिला कार्बन दुसऱ्या शर्करेशी बंध जोडतो, आणि बंध जुळताना पाण्याचा एक रेणू बाहेर पडला की मग ही अदलाबदल थांबते. अल्फा असेल तर अल्फा कायम, बीटा असेल तर बीटा कायम.

अल्फा बंधाने ग्लुकोज जोडत गेले की स्टार्च तयार होतो, म्हणजे आपला भात, बटाटा, पाव. बीटा बंधाने जोडत गेले की सेल्युलोज तयार होतो, म्हणजे कापूस आणि लाकडाचा मोठा भाग. दोन्हींत पहिला कार्बन पुढच्या घटकाच्या चौथ्या कार्बनला जोडलेला आहे. फरक फक्त बंधाच्या दिशेचा आहे.

हे ज्ञान सहज मिळालेले नाही. वलयाची कल्पना रुजण्यापूर्वीच जर्मन रसायनशास्त्रज्ञ एमिल फिशर यांनी 1891 पर्यंत ग्लुकोजमधील प्रत्येक कार्बनवरील गटांची सापेक्ष दिशा केवळ प्रयोग आणि तर्काच्या बळावर निश्चित केली. रेणू पाहण्याचे कोणतेही साधन तेव्हा नव्हते. त्यांना 1902 चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. वलयाची रचना सिद्ध करण्यात ज्यांचा मोठा वाटा होता त्या नॉर्मन हॉवर्थ यांना ते 1937 साली मिळाले. विद्यार्थ्यांना या तर्काची एक पायरी जरी उलगडून दाखवली, तरी धड्याकडे पाहण्याची त्यांची नजर बदलते, असा माझा अनुभव आहे.

गिरणगावकर

बाई, आपण कापूस आणि भात यांना एकाच घटकावर आणून ठेवले, त्यावरून एक प्रश्न विचारावासा वाटतो. आमचे वडील लालबागच्या एका कापडगिरणीत सायझिंग खात्यात होते. ताण्याचे सूत साचेखात्यात जाण्यापूर्वी त्याला खळ दिली जात असे, कारण खळ नसलेला धागा मागावरच्या घर्षणाने तुटतो. ही खळ मुख्यतः स्टार्चची असे. पुढे कापड विणून झाल्यावर रंगाई-धुलाईच्या आधी ती काढून टाकावी लागे, कारण खळ राहिली तर रंग सारखा बसत नाही. सूत सेल्युलोजचे आणि खळ स्टार्चची, म्हणजे दोन्ही ग्लुकोजच. मग खळ काढताना कापडाला इजा कशी होत नसे?

वर्गशिक्षिका_दादर

दादा, या विषयाला याहून चांगले उदाहरण मुंबईत दुसरे सापडणार नाही. खळ काढण्याच्या ज्या पद्धतीत अमायलेज हे विकर (एन्झाइम) वापरतात, त्या पद्धतीत तुमच्या प्रश्नाचे संपूर्ण उत्तर आहे. अमायलेज फक्त अल्फा बंध तोडते. स्टार्चच्या लांब साखळ्यांचे ते लहान, पाण्यात विरघळणारे तुकडे करते आणि ते धुतले जातात. शेजारच्याच धाग्यातील बीटा बंध त्याच्या आवाक्याबाहेर असतात, त्यामुळे कापडाचा एकही तंतू कमजोर होत नाही. आम्ल वापरून खळ काढायची झाली तर मात्र फार जपावे लागते, कारण आम्ल हा भेद पाळत नाही. ते कापसातील बंधही तोडू लागते.

या दोन पदार्थांचा इतिहासही एका माणसापाशी येऊन मिळतो. फ्रान्समधील रसायनशास्त्रज्ञ आन्सेल्म पायेन यांनी पेर्सो यांच्या सोबतीने 1833 साली मोड आणलेल्या जवातून स्टार्च विघटित करणारे द्रव्य वेगळे केले, आणि त्याच पायेन यांनी 1838 साली वनस्पतींच्या पेशीभित्तिकांतून सेल्युलोज वेगळे करून दाखवले. दोन्ही पदार्थांतील मूलद्रव्यांचे प्रमाण सारखे आहे हे त्यांच्या लक्षात आले होते. मग गुणधर्म इतके वेगळे का, याचे उत्तर मिळायला मात्र पुढे जवळपास शंभर वर्षे लागली.

बंधाच्या दिशेमुळे साखळीचा आकारच बदलतो. अल्फा बंधांची साखळी वळत वळत मळसूत्रासारखी गुंडाळली जाते. स्टार्चवर आयोडीन टाकल्यावर येणारा गडद निळा रंग हा त्या मळसूत्राच्या पोकळीत आयोडीन जाऊन बसल्याचा परिणाम आहे. बीटा बंधांची साखळी सरळ राहते, कारण प्रत्येक पुढचा घटक आधीच्याच्या तुलनेत उलटा फिरलेला असतो. अशा सरळ साखळ्या एकमेकींना चिकटून समांतर बसतात, त्यांच्यामध्ये असंख्य हायड्रोजन बंध तयार होतात, आणि त्यातून पाण्यात न विरघळणारा, ताण सोसणारा तंतू तयार होतो. कापसातील एकेका साखळीत ग्लुकोजचे हजारो घटक असतात.

माटुंगा_माजीविद्यार्थी

वरच्या चर्चेत थोडी भर घालतो. 1933 साली सुरू झालेल्या आणि आज माटुंग्याला आयसीटी (इन्स्टिट्यूट ऑफ केमिकल टेक्नॉलॉजी) म्हणून ओळखल्या जाणाऱ्या संस्थेत कापडरसायन हा विषय सुरुवातीपासून होता, आणि त्याचे कारण अर्थातच आजूबाजूच्या गिरण्या. आज तिथे उलट्या दिशेनेही काम होते: शेतातील काडीकचऱ्यातील सेल्युलोज तोडून त्यातून ग्लुकोज मिळवायचे आणि ते आंबवून इथेनॉल तयार करायचे. स्टार्चपासून ग्लुकोज करणे सोपे आहे. सेंट पीटर्सबर्गचे रसायनशास्त्रज्ञ किर्खहॉफ यांनी 1811 सालीच स्टार्च सौम्य सल्फ्युरिक आम्लात उकळून गोड पाक तयार केला होता. सेल्युलोजच्या बाबतीत अडचण दुहेरी आहे. एक तर साखळ्या इतक्या घट्ट बसलेल्या असतात की विकराला बंधापर्यंत पोहोचता येत नाही, आणि दुसरे म्हणजे त्यांभोवती लिग्निनचे, म्हणजे लाकडाला कठीणपणा देणाऱ्या द्रव्याचे, आवरण असते. गाई-म्हशींनाही स्वतःला हे काम जमत नाही. त्यांच्या पोटातील सूक्ष्मजीव ते करतात.

गिरगावची_सुगरण

मला रसायनशास्त्र येत नाही, परंतु पाकाचे मला कळते. रव्याच्या लाडवांचा पाक करताना माझ्या सासूबाई त्यात लिंबाचे काही थेंब पिळत असत. न पिळल्यास पाक पुन्हा साखर होऊन बसतो आणि लाडू वळण्यापूर्वीच मिश्रण कोरडे पडते. लिंबाने नेमके काय होते? दुसरा प्रश्न असा की गूळ आणि मध हे साखरेपेक्षा वेगळ्या घटकांचे असतात का? घरात त्यावरून नेहमी वाद होतो.

वर्गशिक्षिका_दादर

ताई, साखर म्हणजे सुक्रोज. तिच्यात ग्लुकोजचा एक आणि फ्रुक्टोजचा एक घटक जोडलेला असतो. उष्णता आणि आम्ल एकत्र आले की हा बंध पाण्याच्या साहाय्याने तुटतो आणि दोन्ही साध्या शर्करा मोकळ्या होतात. पाकातील सगळी साखर अशी तुटत नाही, थोडीच तुटते, पण तेवढे पुरते. स्फटिक वाढायचा तर एकसारखे रेणू एकावर एक बसायला हवेत. मध्ये ग्लुकोज आणि फ्रुक्टोजचे रेणू आले की ती रांग मोडते आणि पाक वाहता राहतो. लिंबू जास्त पडले किंवा पाक फार वेळ उकळला तर बंध प्रमाणाबाहेर तुटतात आणि मग पाक हवा तेव्हाही बसत नाही, हेही तुम्ही पाहिले असेल.

या बदलाची एक सुंदर खूण आहे. साखरेचे द्रावण ध्रुवित प्रकाशाला, म्हणजे ज्याची कंपने एकाच प्रतलात असतात अशा प्रकाशाला, उजवीकडे वळवते. बंध तुटल्यावर तेच द्रावण त्याला डावीकडे वळवू लागते, कारण फ्रुक्टोज डावीकडे जितके वळवते तितके ग्लुकोज उजवीकडे वळवत नाही.

गुळाचा मोठा भाग सुक्रोजच असतो; सोबत थोड्या मोकळ्या साध्या शर्करा, पाणी आणि थोडी खनिजे असतात. मधात मात्र मधमाशीच्या विकराने सुक्रोज आधीच तोडलेले असते, म्हणून त्यात मुख्यतः मोकळे फ्रुक्टोज आणि ग्लुकोज असते. बाटलीच्या तळाशी मध दाणेदार होतो तो ग्लुकोजमुळे, कारण पाण्यात ते फ्रुक्टोजपेक्षा कमी विरघळते. तो भेसळीचा पुरावा नव्हे.

मुलुंडकर_वाचक

मला मधुमेह आहे. साखर बंद केली, गूळही बंद केला, तरी एकादशीला साबुदाण्याची खिचडी खाल्ली की दोन तासांनी रक्तातील साखर वाढलेली दिसते. खिचडी गोड नसते. वरची चर्चा वाचून कारण अंधुकपणे कळू लागले आहे, पण कुणी नीट समजावून सांगेल का?

आहारतज्ज्ञ_विलेपार्ले

काका, जीभ जी गोडी सांगते ती मोकळ्या लहान शर्करांची असते. स्टार्चचा प्रचंड रेणू जिभेला गोड लागत नाही, पण तो ग्लुकोजचाच बनलेला असतो. साबुदाणा हा टॅपिओकाच्या कंदातून काढलेला जवळजवळ शुद्ध स्टार्च आहे. त्यात प्रथिने आणि चोथा नावापुरतेच असतात. कोरड्या 100 ग्रॅम साबुदाण्यात 85 ग्रॅमहून अधिक कर्बोदके असतात.

तो पचतो कसा ते पाहा. तोंडात लाळेतील अमायलेज काम सुरू करते, लहान आतड्यात स्वादुपिंडाचे अमायलेज ते पुढे नेते, आणि साखळीचे दोन-तीन घटकांचे तुकडे होतात. आतड्याच्या आतल्या अस्तरावरील विकरे या तुकड्यांचे सुटे ग्लुकोज करतात, कारण रक्तात शिरण्याची परवानगी साध्या शर्करांनाच आहे. स्टार्चचे दोन प्रकार असतात, सरळ साखळीचा अमायलोज आणि फांद्या असलेला अमायलोपेक्टिन. फांद्यांमुळे मोकळी टोके पुष्कळ असतात आणि विकराला एकाच वेळी अनेक ठिकाणी काम करता येते. साबुदाण्यात अमायलोपेक्टिनचे प्रमाण अधिक असते आणि भिजवून शिजवल्याने त्याचे कण फुगून मोकळे झालेले असतात. निरोगी प्रौढ माणसाच्या संपूर्ण रक्तात उपाशीपोटी सुमारे 5 ग्रॅम ग्लुकोज असते, एवढे सांगितले की वाटीभर खिचडीतून येणारे ग्लुकोज किती मोठे आहे हे लक्षात येईल.

साखर खाल्ली तर तिचा निम्मा भाग फ्रुक्टोज असतो, आणि ते मुख्यतः यकृतात जाते. साबुदाण्यातून मात्र सगळे ग्लुकोजच येते. म्हणून गोड नसलेला पदार्थ सुरक्षित, हा समज मधुमेहात धोक्याचा आहे. खिचडीतील दाण्याचे कूट पोट रिकामे होण्याचा वेग थोडा कमी करते, पण प्रमाण पाळल्यावाचून इलाज नाही. औषधांबाबत आपल्या डॉक्टरांचेच ऐकावे.

आणखी एक सांगते, कारण तुमची तीन महिन्यांची एचबीएवनसी चाचणी होत असेल. वर बाईंनी सरळ साखळीच्या रूपातील शेकडा एकाहून कमी रेणूंचा उल्लेख केला. त्या रूपात साखळीच्या टोकाला मोकळा अल्डिहाइड गट (पहिल्या कार्बनवरचा कार्बोनिल गट) असतो, आणि तोच हिमोग्लोबिनला कोणत्याही विकराशिवाय चिकटतो. तांबडी पेशी सुमारे 120 दिवस जगते, त्यामुळे चिकटलेल्या ग्लुकोजवरून मागील दोन-तीन महिन्यांची सरासरी कळते.

कांदिवलीचा_धावपटू

मग कर्बोदके सोडूनच द्यावीत असा अर्थ घ्यायचा का? आमच्या धावण्याच्या गटात आजकाल पुष्कळ जण तसे सांगतात. मी जानेवारीतील मॅरेथॉनची तयारी करतो आहे आणि गोंधळलो आहे.

आहारतज्ज्ञ_विलेपार्ले

असा अर्थ मी मुळीच घेणार नाही. मेंदू सामान्यतः ग्लुकोजवर चालतो, आणि शरीर ते ग्लायकोजेनच्या रूपात साठवते. ग्लायकोजेनमध्येही ग्लुकोजचे अल्फा बंधच असतात, पण फांद्या स्टार्चपेक्षा दाट असतात, म्हणून गरज पडताच अनेक टोकांवरून एकदम ग्लुकोज सोडता येते. यकृतात साधारण 100 ग्रॅम आणि स्नायूंत साधारण 400 ग्रॅम असा हा साठा असतो. लांब पल्ल्यात तो संपत आला की पाय उचलत नाहीत. डाळी, ज्वारी, भाज्या यांतून स्टार्चसोबत सेल्युलोज व इतर चोथाही येतो, तो आपल्याला पचत नाही; पण मोठ्या आतड्यातील जिवाणू त्या चोथ्याचा काही भाग आंबवतात. सरसकट चांगली किंवा सरसकट वाईट कर्बोदके अशी विभागणी मला पटत नाही. कोणता घटक, कोणत्या बंधाने आणि कशाच्या सोबतीने पोटात जातो, हे विचारावे.

बालरोगतज्ज्ञ_सायन

पावसाळा आहे म्हणून एक गोष्ट लिहिणे मला आवश्यक वाटते. जुलाब झालेल्या मुलाला दिल्या जाणाऱ्या ओआरएसमध्ये ग्लुकोज असते ते शक्ती देण्यासाठी, असे बहुतेक पालकांना वाटते. त्याचे खरे काम वेगळे आहे. लहान आतड्याच्या पेशीत ग्लुकोजच्या एका रेणूबरोबर सोडियमचे दोन आयन आत नेणारे एक वाहक प्रथिन असते, आणि त्यांच्यामागोमाग पाणी शोषले जाते. जुलाबातही हा मार्ग बहुतांशी शाबूत राहतो. अमेरिकी जीवरसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट क्रेन यांनी 1960 साली ही जोडवाहतूक मांडली, आणि 1971 साली पश्चिम बंगालमधील बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी तोंडाने दिलेल्या द्रावणाने पटकीचे असंख्य रुग्ण वाचवता येतात हे दाखवून दिले.

सध्याच्या सूत्रात एक लिटर पाण्यात ग्लुकोज 13.5 ग्रॅम, मीठ 2.6 ग्रॅम, पोटॅशियम क्लोराइड 1.5 ग्रॅम आणि ट्रायसोडियम सायट्रेट 2.9 ग्रॅम असते. ग्लुकोज आणि सोडियम यांच्या रेणू-आयनांची संख्या त्यात सारखी राखलेली आहे. पाकीट मिळत नसेल तर लिटरभर स्वच्छ पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि चहाचा अर्धा सपाट चमचा मीठ चालते, कारण आतड्यातील विकर साखरेतून ग्लुकोज मोकळे करते. चवीसाठी साखर वाढवू नका. जादा शर्करा आतड्यात पाणी खेचते आणि जुलाब वाढतात. म्हणूनच बाटलीबंद गोड पेये ओआरएसची जागा घेऊ शकत नाहीत.

वर्सोव्याची_वाचक

आमच्याकडे कोळंबी सोलल्यावर सालांचे ढीग पडतात. ती सालेही कर्बोदकाचीच असतात असे मुलीच्या पुस्तकात वाचले. हे खरे आहे का?

माटुंगा_माजीविद्यार्थी

मोठ्या प्रमाणात खरे आहे. कोळंबीच्या आणि खेकड्याच्या कवचात प्रथिने व कॅल्शियम कार्बोनेट यांच्यासोबत कायटिन असते. त्याचा घटक ग्लुकोजच, फक्त दुसऱ्या कार्बनवरील हायड्रॉक्सिलच्या जागी नायट्रोजन असलेला अॅसिटिलअमिनो गट आलेला असतो, आणि बंध सेल्युलोजसारखे बीटा. म्हणून तेही सरळ, घट्ट आणि पाण्यात न विरघळणारे. अल्कलीच्या प्रक्रियेने त्यातून कायटोसान काढतात. ते जखमेच्या पट्ट्यांत आणि पाणी शुद्ध करण्यासाठी वापरले जाते.

बारावीची_विद्यार्थिनी

बाई, साखरेचा बंध तुटला हे आम्हाला प्रयोगशाळेत डोळ्यांनी पाहता येईल का?

वर्गशिक्षिका_दादर

नक्कीच येईल. तीन परीक्षानळ्या घे: एकीत ग्लुकोजचे द्रावण, दुसरीत साखरेचे, आणि तिसरीत सौम्य हायड्रोक्लोरिक आम्ल घालून काही मिनिटे उकळलेले साखरेचे द्रावण. तिसऱ्या नळीत खाण्याचा सोडा थोडा थोडा टाकून फसफस थांबेपर्यंत आम्ल मार, कारण बेनेडिक्टचे द्रावण, म्हणजे मोकळा अल्डिहाइड गट ओळखणारे निळे द्रावण, आम्लात काम करत नाही. मग तिन्हींत ते घालून उकळत्या पाण्यात ठेव. ग्लुकोजच्या नळीत विटकरी साका येईल, कारण वलय उघडून मोकळा अल्डिहाइड गट तयार होऊ शकतो. साध्या साखरेची नळी निळीच राहील, कारण सुक्रोजमध्ये ग्लुकोजचा पहिला आणि फ्रुक्टोजचा दुसरा कार्बन असे दोन्ही क्रियाशील कार्बन एकमेकांत अडकलेले असतात आणि कोणतेच वलय उघडू शकत नाही. तिसऱ्या नळीत पुन्हा विटकरी साका दिसेल. तिन्ही नळ्यांतील निरीक्षणे लिहिताना रंगासोबत प्रत्येक वेळी कोणता कार्बन मोकळा आहे हेही वहीत काढ.